अर्धी चिमणी

सून शीळ घालते, ही माईची पहिली तक्रार. कामाच्या टेबलाशी उभी राहून घालते, ही दुसरी. आणि बेसूर घालते, ही तिसरी. पण ती माईनं कुणाला बोलून दाखवली नव्हती, कारण बोलून दाखवायची म्हणजे आपण रोज जिन्यात थांबून कान लावतो हे कबूल करणं आलं. या घरात आजवर कुणी शीळ घातली नव्हती. माईचा नवरा गुणगुणायचा, पण तोंड मिटून, आतल्या आत, झाकण घट्ट बसलेल्या पातेल्यासारखा. ही बया ओठांचा चंबू करते, मान कलती करते आणि हातातली सुरी अशी चालवते, जसं काही रबर कापत नाही, पतंग उडवतेय. माईनं तिचं नाव रंधा ठेवलं होतं. सुताराची लेक, बोलायचं नाव नाही, नुसती आपली तासत बसते. रंधा म्हटलं की सून हसायची. हेही एक. टोमणा मारावा आणि समोरच्यानं तो टोपीसारखा डोक्यावर घालून मिरवावा, याला काय म्हणायचं?

आज सकाळी मात्र माई जिन्यात थांबली नाही. शिळेच्या खालून दुसरा आवाज येत होता, रबरात सुरी शिरतानाचा, ओला, चिकट. जुन्या शीटला तो ओलेपणा राहत नाही. हा आवाज नव्या शीटचा होता, कालच आलेल्या पांढऱ्या शीटचा, जिच्यावरून माईनं झोपायच्या आधी हात फिरवला होता, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. गुडघ्यांची कुरकुर मागे टाकून ती खाली आली. वर घर आणि खाली कारखाना, मध्ये जिना. या जिन्यानं आजवर पुष्कळ भांडणं वर नेली आणि खाली आणली. टेबलावर पांढरी शीट पसरली होती आणि तिच्यावर एकाखाली एक, एकाखाली एक, लांबलचक कमानी आखलेल्या होत्या. काही कापूनही झाल्या होत्या.

"हे काय आहे?"

"डेअरीच्या टाकीचं पॅकिंग, माई."

"हे पॅकिंग? ह्या तर भुवया आहेत."

"चार जोडल्या की कडं होतं."

"चिंध्या जोडल्या की गोधडीही होते. डेअरीनं गोधडी मागितलीय?"

प्रेसमागे माईचा लेक उभा होता. तो इतका खाली वाकला होता की जणू आत शिरून त्याला साचाच व्हायचं होतं. लेकाचं हे माईला पाठ होतं. टाकी लोखंडाची, झाकण लोखंडाचं. दोघांना बोल्टनं कितीही आवळा, लोखंड लोखंडाला धरत नाही, मधून गळतंच. म्हणून मध्ये काहीतरी मऊ घालायचं, दोन्हीकडून दाबून घेणारं. तेच गॅस्केट, तेच पॅकिंग, तेच या घराचं पोट भरणारं. आणि घरात सासू लोखंडाची नि सून लोखंडाची म्हटल्यावर हा गरीब बापडा दाबला जाणारच. "काय रे पॅकिंग," माई त्याला म्हणायची, "आज कुणाच्या बाजूनं फुगलास?"

आत्ता तिनं तेही म्हटलं नाही. तिनं एक भुवई उचलली. दोन्ही टोकांना शेपटी होती, पारव्यानं शेपूट पसरावी तशी, मुळाशी निमुळती आणि पुढे रुंद. दुसरी भुवई उचलली. तिच्या दोन्ही टोकांना तसल्याच आकाराची खाच. टेबलाखाली करून पाहिलेला लहानसा नमुना पडला होता, वीतभर पट्टीचे दोन तुकडे, एकाला शेपटी, एकाला खाच. माईनं ते उचलून हातात घेतले. हे आजचं नाही, माईच्या लक्षात आलं. हे पुष्कळ दिवस चाललं होतं, शिळेच्या आडून.

"आपण अखंड देतो," माई म्हणाली. "सांध्याचं देत नाही."

"अखंड कड्याला सगळी शीट जाते माई, आणि मधलं पोट पडून राहतं. भुवया एकीच्या कुशीत एक बसतात. तेवढ्याच शीटमध्ये तीन कडी निघतात. पाण्यानं भरून, झाकण आवळून पाहिलंय मी. थेंब येत नाही."

"आणि आपली छाप? छाप कुठे मारायची? कुठल्या भुवईवर?"

सुनेनं सुरी खाली ठेवली. तिनं सुरी खाली ठेवली की शीळही थांबायची, जणू दोन्ही एकाच चावीवर चालत. "डेअरीचे फिटर दुपारी येणार आहेत. चिमणीच्या छापेशिवाय ते माल उचलणार नाहीत. तुम्हाला छाप द्यायची असेल तर द्या. नसेल द्यायची तर नका देऊ, मी रागावणार नाही. पण मग उद्यापासून मी या टेबलाशी उभी राहणार नाही. बाबांच्या दुकानात कपाटांचे खण पडून आहेत. तिथे माझ्या सांध्याला कुणी गोधडी म्हणत नाही."

एवढं बोलणं तिनं लग्नापासून एका दमात केलं नव्हतं. लेकानं प्रेसमागून डोकं वर काढलं आणि पुन्हा आत घेतलं, कासवासारखं.

"सांधे मला नको शिकवूस," माई म्हणाली. "दोन गुडघे आहेत मला." आणि ती रस्त्यावर आली. बाहेर आल्यावर तिला कळलं की तो नमुना, ते दोन तुकडे, आपल्या मुठीतच राहिलेत.

रस्त्यावर ऊन चांगलं पडलं होतं. माई तरातरा चालली, म्हणजे तिच्या मनात तरातरा. गुडघे आपल्या मर्जीनं मागून येत होते. रंधा जाईन म्हणते. जाऊ दे. टेबल काय तिच्या बापानं केलंय? मग आठवलं की टेबलाचा डगमगता पाय तिच्या बापानंच बसवून दिला होता, आणि माई आणखी चिडली. तिच्यामागे टेबलाशी कोण उभं राहणार, हा प्रश्न माईच्या बरोबरीनं चालत होता, लंगडत नव्हता. लेक प्रेसवर हुशार. पण हातात सुरी दिली की त्याचं गोल बटाट्यासारखं यायचं. माईला स्वतःला आता उभं राहवत नव्हतं. एका कड्याला सबंध सकाळ जाते, टेबलाभोवती फिरत फिरत, श्वास धरून, सुरी न उचलता. मागच्या कड्याला तिनं मध्ये सुरी उचलली होती. बसकण मारायला. कुणी पाहिलं नव्हतं. पण जिथे उचलली तिथे कडेला एक दात राहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कुणीतरी तो घासून गुळगुळीत केलेला. कुणी केला, ते विचारायची गरज नव्हती. घरात रंधा एकच.

बसथांब्याच्या बाकावर ती टेकली. अखंड. शब्दसुद्धा कसा तोंडभर येतो. लहानपणी माईच्या अंगावर अखंड असं काही आलंच नाही; थोरल्या बहिणीचा परकर मधलीला, मधलीचा माईला, येताना प्रत्येकीचं एक ठिगळ घेऊन. शाळेत एक पोरगी ठिगळं मोजायची आणि मोठ्यानं सांगायची. शाळा लवकरच सुटली, मोजणी मात्र मनात राहिली. म्हणून नवऱ्यानं पहिलं मोठं कडं कापलं तेव्हा माई त्याच्याभोवती फिरली होती, कुठे सुरुवात नाही, कुठे शेवट नाही, बोट फिरवत जावं तर पुन्हा आपल्याच बोटाशी यावं. नवरा म्हणाला, "बघतेस काय, आत ये." त्यानं ते कडं उचलून दोघांच्या डोक्यावरून खाली सोडलं, आणि ती दोघं भर कारखान्यात एका पॅकिंगमध्ये उभी, पोटाला पोट लावून, हसून हसून बेजार. दारात गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी त्यांना बाहेर पडता येईना. "थांबा हं," नवरा त्याला म्हणाला, "माप घेतोय." मग ते कडं गळ्यात घालून तो सायकलवरून पोचवायला गेला, विजयी पैलवानासारखा. परत आला तो तोंड पाडून. कडं मोठं, सायकल लहान. वाटेत त्याला घडी घालावी लागली होती आणि घडीवर रबराला चीर गेली होती. दुसरं कापावं लागलं. माईला तो घडीचा भाग या बाकावर बसल्यावर आठवला. इतकी वर्षं तिला फक्त आत उभं राहणं आठवत होतं. आठवणीनं आपल्यापुरतं चांगलं तेवढं कापून घेतलं होतं आणि बाकीचं पोट टाकून दिलं होतं.

पोट म्हणजे कड्याच्या आतून निघालेला गोल. त्यांच्याकडे पोट वाया गेलं नाही कधी. पोटातून लहान कडं, त्याच्या पोटातून त्याहून लहान, शेवटी नळाचं वायसर. तेव्हा लहान मापांनाही गिऱ्हाईक होतं. नसेल तेव्हा पोटं घरात यायची. खाटेच्या पायांखाली पोट, उंबऱ्यापाशी पाय पुसायला पोट, लेक रांगायला लागला तो काळ्या रबराच्या पोटावर. "आमचं घर पोटावर चालतं," नवरा पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे हसायचे, एक अर्थ घेऊन. आता लहान मापं मोठ्या यंत्रांवर निघतात, पोटं जिन्याखाली साठतात. जिन्याखालून वाट राहिलेली नाही. काल माईच तिथे अडखळली होती.

आणि चिमणी. माई फार बोलते म्हणून नवरा तिला चिमणी म्हणायचा, आणि एका रविवारी बसून त्यानं पोलादाच्या खुंटीच्या तोंडावर तासून चिमणी काढली, चोच, पोट, वर उचललेली शेपटी. "माल घराबाहेर पडला की तुझी चिवचिव बरोबर जाईल." तो छापेचा पंच आत्ता माईच्या कमरेला होता, पदराच्या आत, किल्ल्यांच्या जुडग्यात. नवरा गेल्यावर छाप मारायचं काम माईनं कुणाला दिलं नाही. चार भुवयांवर चिमणी मारायची म्हणजे चार चिमण्या, चार तुकड्यांची. तिला ते सोसवेना. का सोसवेना, ते तिला सांगता आलं नसतं.

मुठीतले तुकडे घामानं ओले झाले होते. तिनं ते मांडीवर ठेवले. शेपटी खाचेवर धरली आणि अंगठ्यानं दाबली. टच्च. इतका छोटा आवाज. कानापेक्षा अंगठ्यालाच जास्त ऐकू आला. तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. पट्टी ताणली, पण सांधा सुटला नाही. शेपटी रुंद, तोंड अरुंद, जाईल कुठे? मग खालून बोटानं ढकललं तशी ती निमूट वर आली. ओढून सुटत नाही आणि उचललं की सुटते. माईनं पुन्हा बसवली. टच्च. पुन्हा काढली. पुन्हा. तिला वाटलं, एकदाच, आणि मग उठायचं. टच्च. डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवलं तर नखाला अगदी बारीक रेघ लागली, आणि बोटाच्या पोटाला तीही नाही. तिच्या लक्षात आलं की आपलं तोंड उघडं आहे आणि आपण हसतोय.

"काय आहे हो ते?" शेजारी बसलेल्या एका लठ्ठ गृहस्थानं विचारलं. तो केव्हापासून पाहत होता देव जाणे.

"काही नाही. भांडण आहे."

"कुणाचं?"

"माझं नि सुनेचं."

"बघू जरा?" त्यानं तुकडे घेतले. त्याची जाड बोटं आधी चुकली, मग टच्च झालं आणि त्याचा चेहरा असा उजळला की माईला आपलाच चेहरा दिसला. "वा! हे तर सुटत नाही."

"ओढू नका असं, रेड्यासारखं. खालून ढकला."

त्यानं खालून ढकललं. पुन्हा बसवलं. बस आली, दार उघडलं, दार मिटलं, बस गेली. "अरेच्चा," गृहस्थ म्हणाला, "माझी होती." पण तुकडे काही त्यानं लगेच परत दिले नाहीत. "जिंकणार कोण भांडणात?"

"वेळ जाईल तुमचा. पुढची बस चुकेल," माई म्हणाली आणि तुकडे काढून घेतले.

परतताना तिची नजर आपोआप खाली गेली, फरशीला फरशी भिडलेल्या रेघांवर, आणि मग तिनं ती मुद्दाम वर घेतली; आता रस्ताही सुनेच्या बाजूनं बोलणार असेल तर तिला ऐकायचं नव्हतं. तिनं ओठांचा चंबू केला. नुसतं बघावं म्हणून. फुंकलं तर फुस्स. बाजूनं, वरून, गेलेल्या दाताच्या फटीतून, सगळीकडून हवा गळाली. उभा जन्म गळती थांबवण्यात गेला आणि स्वतःच्या तोंडाला पॅकिंग नाही! तिला इतकं हसू आलं की दिव्याच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. समोरून येणारी बाई काळजीनं थबकली. "काही होतंय का?" "होतंय," माई म्हणाली, "पण बरं होतंय."

कारखान्यात ती पोचली तेव्हा फिटर आला होता. डेअरीचा जुना फिटर, मिशा पिकलेला, जिभेनं माईच्या तोडीस तोड. टाकीचं झाकण त्यानं बरोबर आणून जमिनीवर उलटं ठेवलं होतं आणि त्यावर लेकानं चारी भुवया जोडून कडं मांडलं होतं. सांधे चारही घट्ट. सून बाजूला उभी, हात पुसत, पुसून झालेले हात पुन्हा पुसत.

"या चिमणाबाई," फिटर म्हणाला. "तुमच्या सुनेनं कोडं पाठवायचं काढलंय आम्हाला."

"तुझ्या डोक्याला तेवढाच व्यायाम. बसलं का?"

"बसलं, पण एक भोक रुसलंय."

झाकणावरची भोकं सारख्या अंतरावर होती, एक सोडून. ते एक मुद्दाम सरकवलेलं, झाकण चुकीचं फिरवून बसवलं जाऊ नये म्हणून. फिटर एकेका भोकात बोल्ट सोडत गेला. सगळे गेले. त्या सरकलेल्या भोकाशी रबर आडवं आलं. त्यानं कडं फिरवून पाहिलं, पुन्हा तेच. "भोक चुकलं तुमचं, सूनबाई."

"नाही चुकलं," सून म्हणाली. "मी मोजलंय." पण तिचा आवाज सुरीच्या टोकावर होता. लेकानं कपाळ पुसलं. आणि माईला काहीतरी चुकल्यासारखं वाटू लागलं. रोज या वेळी कारखान्यात एक आवाज असतो, बेसूर, नकोसा, आणि आत्ता तो नव्हता, आणि त्याच्या जागी जे होतं ते तिला मुळीच आवडलं नाही.

ती वाकली. त्या भोकाची शेपट्यांची भुवई तिनं खालून ढकलून सोडवली, चकलीसारखी, नाही, चकली फार कुरकुरीत, पोळीसारखी उलटी केली आणि पुन्हा बसवली. टच्च. टच्च. फिटरनं बोल्ट सोडला. तो सरळ खाली गेला.

"उलटी मांडली होती," माई म्हणाली.

लेक पुटपुटला, "मीच मांडली. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात."

"दिसणारच. रबराला काय पाठ, काय पोट."

"इथे मी आहे म्हणून ठीक," फिटर मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "पण तिकडे पाळीवर दुसरा कुणी असला नि त्यानं उलटीतच बोल्ट ठोकला तर दूध जमिनीवर. तुमचं अखंड बरं होतं माई. तिथे उलट-सुलट झालं तर सगळंच होतं, लगेच कळतं. नाहीतर हे परत घ्या."

आता माईनं नुसतं गप्प राहायचं होतं. एवढंच. सगळं तिच्या पदरात आपण होऊन येऊन पडलं होतं. सुनेनं तिच्याकडे पाहिलंही नाही. ती भिंतीवर टांगलेल्या सुऱ्यांकडे पाहत होती, त्यातल्या आपल्या कुठल्या हे ठरवत असल्यासारखी.

"हातोडी," माई म्हणाली.

कुणी हललं नाही.

"अरे पॅकिंगा, हातोडी दे! आणि खाली लाकडाचा ठोकळा." ती जमिनीवर बसली, गुडघे बंदुकीसारखे वाजले, तिनं दोन्ही गुडघ्यांना एक शिवी दिली. कमरेचं जुडगं सोडलं. ठोकळा सांध्याखाली सरकवला. पोलादाचा पंच तिनं भुवईवर नाही धरला, तर बरोबर सांध्यावर धरला, त्या नखाला लागणाऱ्या बारीक रेघेवर, आणि हातोडी घातली.

पंच उचलला. चिमणी उमटली होती. चोच आणि छाती इकडच्या तुकड्यावर, पोट आणि उचललेली शेपटी तिकडच्यावर.

फिटर वाकून पाहत राहिला. मग त्यानं तो सांधा सोडवला, भुवई उलटी केली आणि पुन्हा बसवली. रेघेच्या एका बाजूला चोच, दुसऱ्या बाजूला कोरं पांढरं रबर. तो मोठ्यानं हसला. "अर्धी चिमणी! हे आंधळ्यालाही कळेल." त्यानं तुकडा सुलटा केला. टच्च. चिमणी पुरी झाली. त्यानं पुन्हा उलटा केला, पुन्हा सुलटा. "जुळतेय की हो ही!"

"खेळत नको बसू. एकाची बस चुकलीय आज," माई म्हणाली. पण तीही पाहत होती. कोऱ्या रबरावर तिच्या हातून चिमण्या पुष्कळ उमटल्या होत्या, आणि कुठलीही एकदा उमटली की तशीच निपचित पडून राहायची. ही मोडत होती आणि पुन्हा जुळत होती, प्रत्येक वेळी जुळताना जरा उडाल्यासारखी. नवऱ्याला दाखवायला हवं होतं, तिच्या मनात आलं. दुसरा सांधा. तिसरा. चौथ्याला तिनं पंच उचलला आणि हातोडीसकट सुनेपुढे धरला.

सून खाली बसली. पंच रेघेवर धरताना तिचे ओठ नकळत गोल झाले, आवाज मात्र आला नाही; तिनं ते लगेच मिटून घेतले. घाव पडला. चिमणी किंचित तिरकी आली, मान कलती केल्यासारखी.

फिटर कडं सुटं करून, चारी भुवया एकीवर एक रचून, काखेत मारून निघाला. सायकल लागली नाही, गळ्यात घालावं लागलं नाही. दारातून त्यानं विचारलं, "मग माई, पुढचंही असंच ना? आणि छाप कोण देणार?"

लेकाचा हात धरून माई उठली, पंच सुनेच्या हातातून परत मागितला नाही, आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहून मागे वळली.

"ऐक गं रंध्या. टेबल तुझं, चिमणी तुझी. सांधा पक्का आहे, त्यातून थेंब जायचा नाही. पण तुझी शीळ सगळीकडून गळते. बंद नको करूस ती. नीट बसव."